सुट्टी कोणाच्या खर्चाने?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मला निरोप पाठविला, 'आजारांवर पुरे झाले, या वेळी एखादे प्रवासवर्णन द्या.' प्रवासाविषयीच लिहितो आहे. मात्र ते निव्वळ प्रवासवर्णन राहील याची हमी देत नाही. आजवरच्या आयुष्यात मी दोन बेटांवर सहकुटुंब राहिलो. पहिले इंडोनेशियातील बाली, मे २००७ मध्ये. दुसरे गोव्यातील दिवाडी, नोव्हेंबर २०२४ मध्ये. पहिल्या सहलीत माझ्या खिशातून एक पैसाही गेला नाही. दुसरीला पाच माणसांचे पाच दिवसांचे सारे धरून सुमारे ४२ हजार रुपये लागले. त्यांतली महागात कोणती पडली हे सांगण्यासाठी हा खटाटोप.

बालीविषयी प्रथम, कारण तेथे सांगण्यासारखे फार थोडे आहे. एका औषध कंपनीच्या 'वैज्ञानिक परिषदे'चे आम्ही सुमारे चाळीस बालरोगतज्ज्ञ पाहुणे होतो. पत्नी आणि मुलेही बरोबर. हैदराबादहून सिंगापूरमार्गे गेलो. नुसा दुआ नावाच्या दक्षिण टोकावरच्या हॉटेलनगरीत उतरलो. व्याख्यान एकच झाले, तेही पहिल्या दिवशी सकाळी. बाकीचे दिवस पोहण्याचा तलाव, खरेदी आणि भारतीय बुफे. पनीर बटर मसाला आम्ही समुद्राच्या काठावर बसून खाल्ला. केळीच्या पानात बांधलेले तिथले पदार्थ, सोयाबीन आंबवून केलेले टेंपे, भाताभोवती चार-पाच प्रकार मांडून देतात ते नासी चांपूर, हे सारे हॉटेलच्या फाटकाबाहेर होते आणि फाटकाबाहेर आम्ही फक्त बसमधून गेलो. रोज सकाळी बायका उंबऱ्यापाशी ताडाच्या पानांच्या इवल्या टोपल्यांत फुले वाहतात, ते दृश्य मी बसच्या काचेतून पाहिले. तेथील शेतकऱ्यांची पाणीवाटपाची 'सुबक' नावाची शेकडो वर्षे चालत आलेली सामूहिक व्यवस्था २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविली. तेव्हा वर्तमानपत्रात ते वाचून मला आठवले की, त्या शेतांच्या मधून आमची बस गेली होती आणि मी झोपलो होतो! सात वर्षांच्या माझ्या मुलाने चार दिवस बटाट्याच्या चिप्सखेरीज काही खाल्ले नाही. बालरोगतज्ज्ञाच्या मुलाची ही कथा आपल्यातल्या पुष्कळांच्या घरात घडलेली असेल. म्हणून अधिक लिहीत नाही.

आता दिवाडी.

मांडवी नदीच्या पात्रातले हे बेट जुन्या गोव्याच्या समोरच आहे. त्यावर जायला पूल नाही. कोकण रेल्वे या बेटावरून धडधडत जाते, पण तेथे थांबत नाही. बहुतेक प्रवासी जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने जातात. आम्ही मात्र मागच्या दाराने गेलो. मैलूरहून पहाटे निघून हुमनाबाद, कलबुर्गी, विजापूर करीत बेळगावला नातलगांकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी जांबोटीवरून चोर्ला घाट उतरलो आणि साखळी-डिचोलीमार्गे नार्व्याला पोचलो. नार्व्याला सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. आईचे वय ७९. तिला देवळाचे सांगितले होते. बेटाचे तिला देणेघेणे नव्हते.

हा सप्तकोटेश्वर गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. त्याचे मूळ देऊळ येथे नव्हे, तर नदीपलीकडे दिवाडीवर होते. चौदाव्या शतकात ते बहामनी फौजांनी पाडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पुन्हा पाडले. तेव्हा भक्तांनी देव नदीपार नार्व्याला आणला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ बांधविले. अलीकडे त्याचा जीर्णोद्धार होऊन २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. आम्हां बिदरकरांना यात एक वेगळीच गंमत वाटते. बहामनींची पहिली राजधानी आमचे गुलबर्गा, दुसरी आमचे बिदर. ज्या महमूद गावानचा मदरसा आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवितो, त्यानेच १४७२ मध्ये गोवा जिंकून बहामनी राज्याला जोडला होता. 'आपले लोक इथे पूर्वी येऊन गेलेत आणि काही बरे वागले नाहीत,' असे मी आईला म्हणालो. ती म्हणाली, 'मग आता तू तरी नीट वाग.'

नार्व्याच्या धक्क्यावरून गाडीसकट फेरीत चढलो. नदी ओलांडायला काही मिनिटेच लागतात, परंतु त्या काही मिनिटांत काहीतरी मागे सुटते हे खरे. पलीकडे उतरल्यावर दुकानांची रांग नाही, फलक नाहीत. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली आणि काही ठिकाणी कापून झालेली भातशेती, मध्ये बांधावरून जाणारा अरुंद रस्ता आणि पाण्यात एका पायावर उभे बगळे. पिएदाद गावात एका जुन्या घरात दोन खोल्या घेतल्या होत्या. घरासमोर बसायला कट्ट्यांची ओसरी, तिला तेथे बाल्कांव म्हणतात. आसपासची बरीच घरे कुलूपबंद होती. त्यांतली माणसे कोणी मुंबईला, कोणी पोर्तुगालला, कोणी इंग्लंडला. आपल्या औराद-भालकीकडची वाड्यांना लागलेली कुलपे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना निराळे सांगायला नको.

पहाटे सायकलच्या भोंग्याचा आवाज येई. तो 'पोदेर', म्हणजे पाववाला. त्याच्या टोपलीत 'पोई' असते. गव्हाच्या कोंड्यात घोळवलेला, आतून पोकळ, खरपूस पाव. पूर्वी त्याचे पीठ माडाच्या ताडीने आंबवीत, आता बहुधा यीस्ट वापरतात. कोंडा काढलेला मऊ पांढरा पाव मुलांना सकाळ-संध्याकाळ देऊ नका, असे मी तीस वर्षे सांगत आलो आहे. कोंड्यासकट असलेला पाव माझी मुले हाताने फाडून, नुसता, चहात न बुडविता खात होती, हे पाहून मला व्यावसायिक समाधान झाले!

सकाळी दहा-साडेदहाला घरमालकीणबाई पेज देत. उकड्या तांदळाची, दाणे फुटलेली, वर तिचेच पाणी, बाजूला मिठातल्या कैरीची फोड आणि सुक्या सुंगटांची किसमूर. आईने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, 'अरे, हे तर आपल्या आंबिलीचंच भावंड की!' मग ज्वारीची आंबील कशी करतात हे तिने मराठीत सांगितले आणि पेज कशी करतात हे बाईंनी कोंकणीत. दोघींना एकमेकींचे निम्मेच कळत असावे, पण संभाषण तासभर चालले. येथे एक वैद्यकीय टीप द्यायचा मोह आवरत नाही. पातळ पेज शेतातून आलेल्या माणसाला आणि आजारातून उठलेल्या मुलाला उत्तम. परंतु सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाचा वरचा आहार म्हणून ती पुरत नाही, पोट भरते आणि ऊर्जा थोडी मिळते. बाळाला तोच भात घट्ट मऊ करून, डाळ घालून, वर चमचाभर तूप सोडून द्यावा. त्या बाईंनी आपल्या नातवंडांना नेमके असेच दिले होते. त्यांना हे कोणत्याही परिषदेत शिकविलेले नव्हते.

पत्नी शाकाहारी आहे. गोव्यात तिचे हाल होतील अशी माझी कल्पना होती. तिला एका दुपारी खतखते मिळाले. निरनिराळ्या भाज्या आणि कंद, ओला नारळ, आणि तेफळाचा तो जिभेला किंचित बधिर करणारा वास; कांदा-लसूण नाही. दुसऱ्या दिवशी अळसांद्याचे तोणाक. आम्ही बाकीचे तिसऱ्या, हुमण आणि सोलकढीत गुंतलो होतो. पाच दिवसांत कोणी 'आज काय ऑर्डर करायचे' हा शब्दप्रयोग केला नाही, कारण घरात जे शिजेल ते पानात येई.

उकड्या तांदळातला 'कोरगुट' नावाचा वाण खाऱ्या जमिनीत तग धरतो. बेटाभोवतीची ही शेते म्हणजे 'खाजन' जमीन. भरतीच्या पातळीपेक्षा खालची ही जमीन मातीचे बांध घालून नदीकडून सोडवून घेतलेली आहे. बांधात ठिकठिकाणी 'मानस' असते, म्हणजे लाकडी झडपांची मोरी. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. हृदयाच्या झडपेचे कार्य विद्यार्थ्यांना समजाविण्यासाठी मी यापेक्षा चांगला नमुना पाहिलेला नाही. मुलगा आणि मी एका मानसेपाशी ओहोटी लागेपर्यंत बसून राहिलो. हे बांध पूर्वापार गावकरी, म्हणजे पुढे ज्यांना कोमुनिदाद म्हणू लागले त्या ग्रामसंस्था, राखीत आल्या. बांध एका जागी फुटला तर साऱ्यांच्या शेतात खारे पाणी शिरते. म्हणून तो कोणा एकाचा नसतो. बालीतल्या सुबकची गोष्टही याच जातीची, हे मला तेथे बसून उमगले. बाली पाहायला मला दिवाडीला जावे लागले म्हणायचे.

प्रेक्षणीय स्थळांची यादी हवी असेल तर ती लहान आहे. पिएदादच्या टेकडीवरचे चर्च आणि त्याच्या अंगणातून मांडवीपलीकडे दिसणारे जुन्या गोव्यातील चर्चचे मनोरे. शेजारच्या चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. खारफुटीतून एक सकाळ तेथे फिरलो. ऑगस्टमधला 'बोंदेरां' हा निशाणांचा उत्सव आम्हांला अर्थातच चुकला. असो.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. दिवाडीला जाण्याचे कारण एक पाकीट होते. २०२४ च्या उन्हाळ्यात एका प्रवास संस्थेचे निमंत्रण माझ्या टेबलावर आले. तीन रात्री, चार दिवस, पुन्हा बालीच! पत्रावर कोणत्याही औषध कंपनीचे नाव नव्हते; मात्र पत्र घेऊन आलेला माणूस कंपनीचाच होता. माझा मुलगा त्या वेळी इंटर्नशिप संपवून घरी आला होता. त्याने पत्र वाचले आणि सहज म्हणाला, 'पप्पा, जाऊ या की. सगळेच जातात.' त्याच्या आवाजात लोभ नव्हता. त्याला ती व्यवसायाची एक रीतच वाटत होती, आणि ती रीत त्याला सात वर्षांचा असताना मीच दाखविली होती.

मी त्याला तेव्हा नियम सांगितले. भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये आपल्या आचारसंहितेत दुरुस्ती करून कंपन्यांकडून प्रवास, पाहुणचार व भेटी घेण्यास डॉक्टरांना मनाई केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अशा भेटींवरचा खर्च कंपनीला आयकरातून वजा मागता येणार नाही. आणि हा खर्च अखेर औषधाच्या किमतीतून रुग्णाकडूनच वसूल होतो, याकडेही लक्ष वेधले. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेने तर डॉक्टरांच्या कुटुंबीयांसाठीची तिकिटे आणि परदेशातील असे कार्यक्रम स्पष्टपणे बंद केले. मुलाने ऐकून घेतले आणि विचारले, 'मग २००७ मध्ये हा नियम नव्हता, म्हणजे तेव्हा चूक नव्हती?' त्या दिवशी मी उत्तर टाळले. ते दिवाडीवर, मानसेपाशी बसून दिले. येथेही देतो.

२००७ च्या जुलैत औराद तालुक्यातील एका खेड्यातून एक शेतमजूर आपल्या दीड वर्षाच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आला. जुलाब सुरू होते. आई म्हणाली, काही खात नाही. मी ओ.आर.एस. आणि झिंक लिहिले आणि खाली भूक वाढविणारे एक सिरप लिहिले. ते त्या कंपनीचे होते. बालीहून परतल्यापासून ते माझ्या कागदावर अधिक वेळा उमटत होते. कोणी मला तसे लिहायला सांगितले नव्हते. सांगावे लागतच नाही. औषधाच्या दुकानातून तो माणूस कागद घेऊन परत आला आणि म्हणाला, 'साहेब, यातलं कोणतं नाही घेतलं तर चालंल?' माझ्यासमोर वीस-पंचवीस पेशंट बसले होते. मी म्हणालो, 'तिन्ही घ्या.'

त्याच्याजवळ तिन्हींचे पैसे नव्हते. त्याने आपल्या समजुतीप्रमाणे जे सर्वांत महाग, खोक्यात बंद, तेच खरे औषध मानले आणि सिरप घेतले, ओ.आर.एस. आणि झिंक, जी त्या मुलाला खरी गरजेची होती आणि जी स्वस्त होती, ती राहिली. तिसऱ्या दिवशी ते मूल खोल गेलेल्या डोळ्यांनी, कोरड्या जिभेने परत आले. पोटावरची चिमटीत धरलेली घडी हळूहळू मिटत होती. एक रात्र आणि एक दिवस सलाइन चालले. मूल बरे होऊन घरी गेले. वडिलांनी जाताना माझ्या पाया पडायला हात पुढे केले.

हे सांगून झाल्यावर मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, 'त्या मुलाचं नाव आठवतं का तुम्हाला?' मला ते आठवत नाही. सिरपचे नाव आठवते.

आपल्यातील काही सहकाऱ्यांचे म्हणणे मला ठाऊक आहे आणि ते पूर्णतः चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. 'तुम्ही नाही गेलात तर तुमची जागा दुसरा घेईल. औषध एक रुपयानेही स्वस्त होणार नाही.' कबूल. 'या स्मरणिकेच्या जाहिराती कोण देते?' हेही कबूल. मागील पान उलटून पाहिल्यास दिसेलच. त्या जाहिरातींविषयीही केव्हातरी बोलले पाहिजे, परंतु जाहिरात निदान उघड्यावर छापलेली असते. सहल लपलेली राहते. परिषदांना जाऊ नये, असेही माझे मत नाही. नोंदणी शुल्क आणि तिकीट आपले आपण भरावे, एवढेच.

मला अधिक विचार करावासा वाटतो तो एका निराळ्या गोष्टीचा. आपण ही निमंत्रणे लोभापोटीच स्वीकारतो असे नाही. आपण दमलेले असतो. लहान गावातला डॉक्टर आपणहून दवाखाना बंद करू शकत नाही; दारावर कुलूप दिसले तर पेशंट दुसरीकडे जाईल आणि कदाचित परत येणार नाही ही धास्ती. घरी सुट्टीचा विषय काढला की 'बघू' म्हणायचे. अशा वेळी कोणीतरी तारखा ठरवून, तिकिटे काढून, 'परिषद' असे भारदस्त नाव देऊन सुट्टी हातात ठेवतो. मग आपले मन खात नाही आणि पेशंटही 'साहेब परिषदेला गेलेत' म्हणून थांबतात. माझ्या लग्नाला त्या वेळी दहा वर्षे झाली होती आणि बाली ही आमची पहिली सुट्टी होती. पत्नीने तिकडे जाताना एक प्रश्नही विचारला नाही, याचे कारण आता मला समजते.

दिवाडीला जाताना मी पाच दिवसांचे पेशंट शेजारच्या सहकाऱ्याकडे सोपविले, दारावर त्यांचा पत्ता लावला आणि भरती असलेल्या मुलांचे कागद स्वतः नेऊन दिले. परतल्यावर कळले की, दोन कुटुंबे त्यांच्याकडेच स्थिरावली. त्यांची मुले तेथे नीट आहेत. सहकाऱ्यांच्या सुट्टीत त्यांचे पेशंट मी पाहिले, तेव्हा एक कुटुंब माझ्याकडे राहिले. हिशेब जवळजवळ जुळतो.

म्हणून आपल्या संस्थेच्या पुढील सभेत मी एक साधा ठराव मांडणार आहे. सभासदांनी वर्षाच्या आरंभीच आपापल्या सुट्टीचा आठवडा एका तक्त्यात लिहावा, त्या आठवड्यात आपले पेशंट कोण पाहील त्याचे नाव पुढे लिहावे आणि तो तक्ता प्रत्येक दवाखान्यात लावावा. बालरोग, स्त्रीरोग, शस्त्रक्रिया, प्रत्येक शाखेत निदान दोघे जण एकाच वेळी गावाबाहेर नसावेत. कोठे जायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न. दिवाडीच पाहिजे असे नाही. पण दिवाडीच्या त्या घरमालकीणबाईंचा फोन क्रमांक माझ्याकडे आहे.

तक्ता मी वहीत आखून ठेवला आहे. पहिल्या ओळीत माझे नाव आणि मे महिन्याचा दुसरा आठवडा लिहिला आहे. त्या पुढची जागा रिकामी आहे; माझे पेशंट त्या आठवड्यात जो पाहू शकेल त्याने सभेच्या आधी कळवावे.